पहिल्या हाकेला ओ नाही

आमच्या घरात देव नाहीत, पण भुतं आहेत. देव आजेसासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हा नदीत सोडले, असं सासूबाई सांगायच्या. भुतं सोडा असं मात्र त्यांना कुणी सांगितलं नसावं, म्हणून ती राहिली. आणि जी थोडीफार कमी पडत होती ती मी माहेरून आणली. भिंतीवर तथागतांची तसबीर आहे, तिच्यापुढे रोज मेणबत्ती लागते, आणि मेणबत्ती विझली की मी आधी दिव्याचं बटण शोधते.

माझे मिस्टर शाळेत विज्ञान शिकवतात. "आपल्या घरात अंधश्रद्धेला जागा न्हाई," असं ते पाहुण्यांसमोर ठणकावून सांगतात, आणि रात्री मला परसात जायचं असलं की टॉर्च घेऊन गुमान माझ्यामागं येतात. मी स्वतः आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात अंगणवाडी चालवते. दिवसभर लेकरांना "भिऊ नको, भिऊ नको" म्हणायचं, हेच माझं काम. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तशातली गत.

माझ्या आईनं मला भीती नुसती दिली नाही, तिचे नियम घालून दिले. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसायचं नाही. सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. रानात कुणाला नावानं हाक मारायची नाही, कारण रानाला नाव कळलं की ते विसरत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर ते दुसऱ्यांदा हाक मारतंच. 'ते' मात्र एकदाच मारतं, आणि आपल्याच माणसाच्या आवाजात मारतं. ओ दिली की संपलं. आमच्या नात्यातल्या एका बाईनं विहिरीवर पहिल्याच हाकेला ओ दिली आणि पुढं तिचं काय झालं, हे आई मला जेवताना सांगायची. माझा घास तोंडातच फिरायचा.

हाच नियम मी माझ्या लेकीला दिला. वरणभातासोबत भरवला म्हणा ना. ती पाच-सहा वर्षांची असताना मी स्वयंपाकघरातून तिला हाक मारली, की ती हातातलं चित्र तसंच धरून, दाराकडं बघत, गप्प बसून राहायची. दुसरी हाक गेली की "ओ" म्हणून पळत यायची. "ही पोरगी बहिरी हाय का?" असं मिस्टर विचारायचे. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसायचो.

ती आमची एकुलती एक. शिकायला पुण्याला गेली, तिथंच नोकरीला लागली, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तिला फिरण्याचं वेड लागलं. साधं फिरणं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पाठीवर तिच्या डोक्याच्याही वर जाणारी निळी पिशवी घ्यायची आणि एकटीनं निघायचं. पहिल्यांदा ती पिशवी बघून मी म्हटलं, "काय गं, बिऱ्हाड हलवून राहिलीस का?" गेल्या वर्षी ती हिमाचलातल्या एका डोंगरावरच्या शहरात जाऊन राहिली. तिथं म्हणे एका घराचं छत म्हणजे दुसऱ्या घराचं अंगण. एका खोलीत ओळखपाळख नसलेल्या मुलींसोबत झोपायचं, सकाळी पिशवी उचलायची आणि डोंगर चढून कुठल्यातरी जुन्या राजाच्या पडक्या किल्ल्यात जायचं. तिथला एक फोटो तिनं पाठवला. तुटक्या भिंतीवर बसलेली, पाय दरीत सोडलेले, तोंडभर हसू. मी मोबाईल पालथा घातला. ती तिकडं असली, की मी इथं गोरेगावात भाकरी थापता थापता तिथल्या दरीत पडत असे.

जानेवारीत ती घरी आली आणि चौथ्या की पाचव्या दिवशी चुलीपाशी बसून म्हणाली, "आई, तू एकदा माझ्यासोबत चल."

"कुठं? त्या बर्फात?"

"नाही गं. इथंच. आपल्या डोंगरातलं जुनं देऊळ बघू. लहानपणापासून नुसतं ऐकते."

आमच्या भागात त्या देवळाला लोक भुतांचं देऊळ म्हणतात. डोंगरावर, गावापासून लांब. भुतांनी एका रात्रीत बांधायला घेतलं, कोंबडा आरवला, आणि ती काम टाकून पळाली, म्हणून त्याला कळस नाही. आमचे हे म्हणतात, यादवांच्या काळातलं आहे, चुना न वापरता दगडात दगड बसवलाय, आणि कळस नंतर पडला. असेलही. पण मग कोंबड्याचं काय?

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "बरं. मग मी एकटी जाते."

ही पोरगी मला कुठल्या किल्लीनं उघडायचं ते पक्कं ओळखून आहे. एकटी जाते म्हटल्यावर मी रात्रीच दशम्या करून ठेवल्या. मला वाटलं, निदान या एका वेळेला तरी ती माझ्या डोळ्यांसमोर राहील.

सकाळी जीपनं निघालो, फाट्यावर उतरलो आणि शेतातून डोंगराकडं चालायला लागलो. तुरीची कापणी चालू होती. कडेला दोन बायका पेंढ्या बांधत होत्या. एक वयस्कर, एक तरणी. आमच्याकडं बघून वयस्कर बाईनं विचारलं, "कुठं चालल्या, बाई?"

"देवळाकडं."

"संगं बाप्या न्हाई?"

"न्हाई."

"काहून जाऊन राहिल्या मंग? तिथं काय हाय? दगडं हायत. जा, पर दिस कलायच्या आत उतरा."

मला तिथूनच मागं फिरायचं होतं. लेक मात्र हसून "व्हय मावशी" म्हणाली आणि पुढं निघाली.

चढ फार मोठा नव्हता, पण माझा जीव वर जायला लागला. सागाची वाळलेली पानं पायाखाली अशी वाजायची की मागून कुणी चालतंय असंच वाटावं. एका ठिकाणी जमीन उकरलेली दिसली. "रानडुक्कर," लेक म्हणाली, जसं काही शेजारच्या काकू म्हणावं. मी विचारलं, आत्ता उकरलंय का कालचं? तिला ठाऊक नव्हतं. हे ठाऊक नसताना माणूस पुढं पाऊल कसं टाकू शकतो, हे मला कळेना. पण ती पुढं चालत होती, गुणगुणत होती, दगड हलतोय का ते आधी दाबून बघत होती आणि मला "इथं पाय ठेव" म्हणत होती. मी इकडंतिकडं बघायचं सोडून दिलं. तिच्या पाठीवरची निळी पिशवी तेवढी बघत राहिले. ती दिसते आहे तोवर सगळं बराबर आहे, असं मनाशी म्हणत राहिले.

देऊळ अचानकच समोर आलं. मोठं काहीतरी असेल असं मला वाटलं होतं, पण ते बुटकं होतं, काळं, आणि अर्धं पडलेलं. पुढच्या मंडपाचे खांब उभे होते, वर छत नव्हतं. खांबांवर कोरलेल्या बायका होत्या. कुणाला हात नाही, कुणाला तोंड नाही. पाठीमागं गाभारा, आत काळोख आणि वटवाघळांचा उग्र वास. मूर्ती बिर्ती काही नव्हती. आमच्या ह्यांना आवडलं असतं.

खोटं कशाला सांगू, घडीभर मलाही बरं वाटलं. ऊन कोवळं होतं, दगड गार होते, आणि माझी लेक एकेका खांबाला हात लावून "आई, हे बघ, हे बघ" करत होती. लहानपणी जत्रेत करायची तशी. आम्ही दशम्या खाल्ल्या, ठेचा खाल्ला. ती म्हणाली, "बघ, आलीस की नाही?" मी म्हटलं, "आले खरी, आता उतरू." तर म्हणाली, "मागची बाजू बघून येते. पाच मिनिटं. तू इथंच बस. पिशवी राहू दे तुझ्याजवळ."

ती गेली. पिशवी माझ्या शेजारी राहिली.

थोडा वेळ मला तिची पावलं ऐकू येत होती. मग एकदा खडखड झाली, दगड घसरल्यासारखी. वाटलं, चढत असेल कुठंतरी. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. राघूंचा एक थवा मघापासून कलकलत होता, तोही उडून गेला. मी मोबाईल काढला, रेंज नव्हती. खांबांच्या सावल्या माझ्या पायापर्यंत आल्या तेव्हा मी पाय वर घेतले, जसं काही पाणीच येत होतं. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. उठून बघायला जावं असं वाटत होतं, पण तिनं इथंच बस म्हटलं होतं, आणि गाभाऱ्याच्या त्या तोंडावरून जायचं माझ्यानं होत नव्हतं.

मग मी हाक मारली. नावानं नाही. "ए पोरी!"

घसा कोरडा पडला होता. आवाज घोगरा निघाला, माझा मलाच ओळखू आला नाही. आणि तो गाभाऱ्यात शिरला आणि परत आला. "पोरी!" आतून कुणीतरी म्हटलं. मला कळत होतं की हा घुमलेला आवाज आहे. आमच्या मास्तरांची बायको आहे मी, एवढं मला कळतं. पण अंगावरचा काटा कळण्यावर थांबत नाही. दुसरी हाक मारायला मी तोंड उघडलं आणि त्यातून हवाच तेवढी बाहेर आली. पदराचा बोळा तोंडात धरून मी खांबाला चिकटून बसले.

आणि तेव्हा ती हाक आली.

"माय!"

एकदाच. देवळाच्या मागून, पण खालून. जमिनीच्या आतून आल्यासारखी.

आवाज माझ्या लेकीचा होता. अगदी तिचा. पण माझी लेक मला माय म्हणत नाही. लहानपणी म्हणायची, मग शाळेत गेल्यावर आई म्हणायला लागली, आणि पुण्याला गेल्यापासून तर तिच्या तोंडून माय हा शब्द मी ऐकला नव्हता. शिवाय ती देवळामागं गेली होती, जमिनीखाली नाही. आणि हाक एकच होती. मी कान देऊन बसले. आता दुसरी येईल. माणूस असेल तर दुसरी येते.

दुसरी आली नाही.

किती वेळ गेला, मला सांगता येत नाही. मी हलले नाही एवढं खरं. ओठांनी मी "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणत होते, आणि आत माझी आई बसून सांगत होती, ओ देऊ नको, ओ देऊ नको, विहिरीवर त्या बाईचं काय झालं आठवतंय ना. दोन्ही एकाच वेळेस चालू होतं. माझ्या डोळ्यांसमोर निळी पिशवी होती. तिच्या बंदाला लेकीनं केसाचं रबर अडकवलं होतं, त्यात तिचे दोन-तीन केस गुंतलेले होते. मी त्या केसांकडं बघत होते, आणि मला ओ देता येत नव्हती. तिच्यावर माझा एवढा जीव, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. भीती म्हणजे काय असतं ते त्या दिवशी कळलं. त्याआधी जे होतं ते सगळं लाडाचं होतं.

पुढं जे झालं त्याला मी हिंमत म्हणणार नाही. भित्र्या माणसाचं डोकं भीतीतच चालतं, तसं माझं चाललं. मी विचार केला, समजा ते भूतच आहे. आईचं म्हणणं असं, की ते आपल्या माणसाचा आवाज घेतं. मग हा आवाज त्यानं घेतला कुठून? माझ्या पोरीकडूनच घेतला असणार. म्हणजे ते जिथं आहे, तिथं माझी पोरगी आहे. मग ते भूत असो नाहीतर आणखी काही असो, मला तिकडंच गेलं पाहिजे.

मी उठले आणि ओ दिली.

पहिली ओ घशातच अडकली. दुसरी निघाली. मग थांबेचना. "ओ! ओ गं बाई! ओ! आले! ओ!" गाभाऱ्याच्या तोंडावरून गेले तेव्हा आतून कुणीतरी माझ्यासारखंच "ओ, ओ" करत होतं, त्यालाही मी ओ दिली. देवळाच्या मागं कमरेएवढं कुसळी गवत होतं, घाणेरीची झुडपं होती. मी त्यात तशीच शिरले. एक पाऊल, दोन पावलं, आणि अगदी पायाखालून आवाज आला, "आई, थांब! म्होरं येऊ नको! बारव हाय!"

मी जागच्या जागी थांबले. गवत बाजूला केलं. माझ्या चपलेपासून हातभर पुढं जमीन संपत होती.

चौकोनी बारव होती, दगडी पायऱ्यांची, देवळाच्याच वयाची. काठाचे दगड सुटलेले आणि वरून गवतानं झाकलेले. खाली, दीड पुरुष खोलावरच्या एका टप्प्यावर माझी लेक पडली होती. तिच्याही खाली काळोख होता. तोंड राखेसारखं झालेलं, डावा पाय असा वळलेला की पाय तसा वळत नाही. अजून हातभर पलीकडं पडली असती तर ती थेट तळाला गेली असती. हे मी तेव्हा बघितलं आणि आजही रोज बघते.

पायऱ्या पलीकडच्या बाजूला होत्या. मी बसून, घसरत, एकेका पायरीला ढुंगण टेकवत खाली गेले. पानांत काहीतरी सळसळलं. मी त्याला मनात लांबडंसुद्धा म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. तिच्यापाशी पोचले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आम्हा अंगणवाडीच्या बायकांना एकदा दिलं होतं आणि मी मागच्या बाकावर बसून शेजारणीशी स्वेटरच्या टाक्यांबद्दल बोलत होते. मोडलेला पाय हलवायचा नाही एवढंच आठवलं. माझ्या खांद्यावरच्या झोळीतली पाण्याची बाटली काढून तिच्या तोंडाला लावली. तिचे दात बाटलीवर वाजत होते.

"लई दुखून राहिलं," ती म्हणाली. पुण्याची भाषा कुठल्या कुठं गेली होती.

"दुखू दे. मी हाय."

आता माणसं आणायला हवी होती. तिला तिथं एकटी सोडून डोंगर उतरायचा, की इथंच बसून राहायचं? ऊन बारवेच्या वरच्या दोन पायऱ्यांवर राहिलं होतं. "मला सोडून जाऊ नको," ती म्हणाली आणि माझा हात असा धरला, की माझ्या बांगड्या रुतल्या. मी गेले नाही. मी तिथंच बसून वर तोंड करून ओरडायला लागले. काय ओरडावं हे सुचेना. 'वाचवा' वगैरे शब्द सिनेमातले, ते माझ्या तोंडी येईनात. जे मघापासून तोंडात होतं तेच निघत राहिलं. "ओ! ओ! ओ!"

लेक त्या अवस्थेत म्हणाली, "आई, कुणाला ओ देतेस?"

"देऊ दे गं मला," मी म्हटलं आणि देत राहिले. आवाज बसला, फाटला, तरी देत राहिले.

वर गवत हललं. काठावर दोन डोकी दिसली, एक पांढऱ्या केसांचं, एक काळ्या. तुरीच्या शेतातल्या त्या दोघी.

"अगं बया बया!" वयस्कर बाई ओरडली. "पोरगी पडली का काय?"

"पाय मोडला तिचा. माणसं बोलवा, मावशी. बाज आणा."

तरणी तशीच खाली पळत सुटली. वयस्कर बाई पायऱ्यांनी उतरून आमच्यापाशी आली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि धापा टाकत बसली. म्हणाली, "लई येळची ऐकून राहिलो आमी. सून म्हने, जाऊ नका आत्याबाई, भुताच्या देवळाकून आवाज येतोय. म्या म्हनलं, अगं येडे, भूत हाक मारतं, ओ कवा देतं? ओ देनारं मानूसच आसंन. चल, म्हनलं, बघू."

मला हसू आलं आणि ते हसू रडण्यात गेलं. मी त्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडले. ती म्हणाली, "रडू नको, लेकरू भितंय."

माणसं आली. चौघांनी बाज धरली, बारवेतून काढताना दोर लावला, एकानं निळी पिशवी उचलली. उतारावर बाज कलली की मी पुढं होऊन तिचा काठ धरायचे. फाट्यावर पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. तिथं जीप मिळाली, सेनगावला पट्टी बांधली, तिथून हिंगोलीला नेलं. आमचे हे मोटारसायकलवरून आले. आधी माझ्यावर ओरडले, मग तिच्यावर, मग कंपाउंडरवर, आणि मग बाहेर बाकावर जाऊन बसले. मी बघितलं तेव्हा ते चष्मा पुसत होते आणि बराच वेळ पुसत होते. पायात सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पळेल, वेळ लागेल.

लेक दोन महिने घरी राहिली. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी बोललो नाही. बाकी सगळ्यांशी बोललो. बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी बारव किती खोल होती ते सांगितलं, पण आम्ही दोघीच असलो की विषय निघत नसे. माझ्या मनात एकच गोष्ट होती. तिनं हाक मारली आणि मी ओ दिली नाही, हे तिला कळलंय का? मला विचारायची भीती वाटायची.

मग एका दुपारी अंगणात ती बाजेवर पाय लांब करून बसली होती, मी खाली हरभऱ्याचे घाटे सोलत होते, आणि तीच म्हणाली, "आई, मी तुझी हाक ऐकली होती."

"कोणती?"

"तू म्हणालीस ना, ए पोरी. मी पडल्यावर. ऐकली मी."

माझा हात थांबला. "मग ओ काहून न्हाई दिली?"

ती घाट्याचं एक टरफल बोटांनी चिरत राहिली. "एकच होती ना. आणि तुझा आवाज तुझ्यासारखा नव्हता. मी वाट बघितली दुसऱ्या हाकेची. आलीच नाही. मग मला लई भ्या वाटलं. मग मीच हाक मारली. तू ओ दिली नाहीस. मग मला वाटलं, वर जे आहे ते तू नाहीसच. म्हणून गप्प पडून राहिले. श्वाससुद्धा हळू घेत होते."

म्हणजे ती खाली मोडक्या पायानं पडली होती आणि मी वर खांबाला चिकटून बसले होते, आणि आम्ही दोघी एकमेकींना भूत समजून एकमेकींच्या दुसऱ्या हाकेची वाट बघत होतो. ओ दिली नसती तर किती वेळ बघितली असती कुणास ठाऊक. मला वाटायचं, माझी भीती माझ्याजवळ आहे. ही पोरगी शिकली, बाहेर पडली, डोंगर चढली, हिला ती लागली नाही, असं मी धरून चालले होते. आणि ती तिच्या हाडात होती.

"तुला अजून खरं वाटतं ते?" मी विचारलं.

"खरं नाही वाटत. पण ओ पण देववत नाही." ती हसली. "त्या डोंगरावरच्या शहरात खालून जेवायला हाक मारायचे ना, तर मी दुसऱ्या हाकेपर्यंत बसून राहायचे. मुलींना वाटायचं मला भाव खायची सवय आहे. रात्री दाराला खुर्ची लावायचे. सगळ्या झोपल्या की मगच झोपायचे."

"आणि तो किल्ला? भिंतीवर पाय सोडून बसली होतीस."

"फोटो काढून झाल्यावर रांगत उतरले. हात असे थरथरत होते की मोबाईल पडला असता."

तिच्या कपाळावर पडल्याची खूण अजून होती.

"मग तू जातेस कशी गं?"

"कशी म्हणजे?" ती म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता. "भीत भीत जाते. दुसरं कसं जातात?"

मी मान खाली घातली आणि घाटे सोलायला लागले. मला इतकी वर्षं वाटत होतं, की तिला भीती वाटत नाही म्हणून ती जाते, आणि मला वाटते म्हणून मी घरी असते.